नांदूर मध्यमेश्वर: एकाच जागी बसून पाहिलेला पक्षी

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि त्यातून उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती यांचे हे अभयारण्य आकाराला आले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा. येथून परतलेले बहुतेक जण किती जाती दिसल्या ते सांगतात. या धाग्यात आकडा नको. एकाच पक्ष्याकडे बराच वेळ पाहत राहिल्यावर काय उमगले, ते लिहावे, ही विनंती.

*

डिसेंबरमध्ये चापडगावच्या मनोऱ्यावर मी सकाळभर फक्त वारकरी पाहिले. काळाभोर देह आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले हे पक्षी बराच वेळ पाण्यावर ऐसपैस पसरून चरत होते. तेवढ्यात दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी पाणगवतावरून अगदी खालून तरंगत आला आणि पाहता पाहता ते सगळे एकमेकांना खेटून एकच काळा गठ्ठा झाले. भोवत्याने तीनदा घिरट्या घातल्या. प्रत्येक वेळी गठ्ठ्यातून पाणी उडाले, पण एकही पक्षी बाजूला फुटला नाही. कडेला मागे पडलेल्या एखाद्यावरच त्याची नजर असावी, असे मला त्याच्या वळण्यावरून वाटले. तो निघून गेल्यावरही गठ्ठा सुटायला बराच वेळ लागला.

*

मी थापट्यांविषयी लिहितो. आठ-दहा बदके एकामागोमाग एक गोल फिरत होती आणि प्रत्येकाची रुंद चोच पाण्यात बुडालेली होती. पुढच्याच्या पायांनी ढवळलेल्या पाण्यातील बारीक जीव मागच्याला मिळतात आणि चोचीच्या कडांवरील दातेरी गाळणीतून पाणी बाहेर जाते, हे वाचून ठाऊक होते. तरीही ते चक्र डोळ्यांनी पाहताना दुर्बीण खाली ठेववत नव्हती.

*

कालव्याचे आवर्तन सुटले, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडले, की बंधाऱ्यातले पाणी उतरते आणि उघड्या पडलेल्या चिखलावर शेकाटे व तुतवार हे चिखलात चरणारे पक्षी येतात. पाणी चढले की तीच जागा ओस पडते. म्हणून निघण्यापूर्वी पाण्याची पातळी विचारून घ्यावी.

*

माझा अनुभव पावसाळ्यातला आहे, त्या वेळी थंडीचे पाहुणे नसतात. तरंगत्या पानांवर लांब शेपटीचा कमळपक्षी अंडी उबवत बसला होता; या जातीत उबवण्याचे आणि पिलांना सांभाळण्याचे काम नर करतो. छायाचित्रासाठी एक गृहस्थ गुडघाभर पाण्यात उतरले आणि तो उठून दूर गेला. आम्ही त्यांना परत बोलावले, काठावर सगळे गप्प बसलो. साधारण वीस मिनिटांनी तो पानापानांवर थांबत, माना वळवत आला, अंड्यांभोवती एक फेरी मारली आणि पंख किंचित खाली सोडून पुन्हा त्यांवर बसला.