मदत हवी आहे: पालकात पनीरपेक्षा जास्त प्रोटीन असतं, हे खरं का?

पौड_फाटा
सोसायटीच्या ग्रुपवर एक तक्ता फिरतोय. पालक १२ ग्रॅम प्रोटीन, पनीर ६.५ ग्रॅम, आणि खाली मोठ्या अक्षरांत "पनीर बंद करा". इकडे पनीरच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला १८ ग्रॅम छापलंय. खोटं कोण बोलतंय?
घर शाकाहारी, अंडंही नाही. आई ६२ वर्षांची, वजन ५५ किलो, हाडं ठिसूळ व्हायला लागली आहेत, कॅल्शियम ऑक्झॅलेटचा मुतखडा एकदा होऊन गेलाय. मुलगी १९ वर्षांची, हिमोग्लोबिन १०. पालक वाढवू की पनीर? आणि दोन्ही एकत्र खाऊ नये म्हणतात, त्यात कितपत तथ्य?

मोजूनमापून
खोटं कुणीच बोलत नाहीये. तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत "प्रति १०० कॅलरी" असेल, बघा.
शंभर ग्रॅम कच्च्या पालकात जेमतेम २३ कॅलरी, कारण नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. प्रोटीन २ ते ३ ग्रॅम. शंभर कॅलरी भरायला सव्वाचारशे ग्रॅम पालक लागतो, म्हणून ९ ते १२ ग्रॅमचा आकडा. पनीरच्या शंभर कॅलरी साधारण ३५ ग्रॅमच्या दोन-तीन तुकड्यांतच होतात, म्हणून ६.५. गणित चोख आहे, पण जेवायला कुणी कॅलरी मोजून पालक वाढत नाही. शंभर ग्रॅम पनीरएवढं प्रोटीन पालकातून घ्यायचं तर निवडलेली पानं सुमारे ७०० ग्रॅम. मंडईतली जुडी घरी आणून देठं काढून एकदा वजन करा, मग किती जुड्या ते कळेल.
आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे आईंना दिवसाला ४६ ग्रॅम प्रोटीन. ते डाळ, दूध, दही, पनीर यांतूनच भरणार. पालकाचं काम वेगळं आहे: फोलेट (एक बी जीवनसत्त्व), के जीवनसत्त्व, बीटा कॅरोटिन, चोथा.

खडूस_पेठकर
पाकिटावरचे १८ ग्रॅम पाकिटातल्या पनीरचे. सुट्या पनीरला ते लागू होतीलच असं नाही. नियमाप्रमाणे पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांपर्यंत चालतं आणि कोरड्या भागात निम्मं तरी दुधाचं फॅट लागतं. म्हणजे शंभर ग्रॅममध्ये ४० ग्रॅम घन भाग, त्यात २० ग्रॅम फॅट, उरलेल्यात प्रोटीन. पाम तेलाचं अ‍ॅनालॉग, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी तेल घातलेलं नकली पनीर, दिसायला हुबेहूब असतं. आयोडिनचे थेंब टाकून निळं झालं तर स्टार्च आहे, एवढंच कळतं. निळं झालं नाही म्हणून ते दुधाचंच ठरत नाही, तेल आयोडिनला दिसत नाही. भाव बघून हुरळून जाऊ नका.

ताकमठ्ठा
प्रोटीनच्या वादात आईंचा खरा मुद्दा, कॅल्शियम, राहूनच गेला.
शंभर ग्रॅम पालकात ८० ते १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. वाचायला बरं वाटतं. पण त्याच पालकात अर्ध्या ग्रॅमहून जास्त ऑक्झॅलिक आम्ल (ऑक्झॅलेट) असतं आणि ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं. अंगी लागतं ते सुमारे पाच टक्के, म्हणजे ४-५ मिलिग्रॅम. दुधातलं तीसेक टक्के लागतं: २०० मिली दुधात २४० मिलिग्रॅम, त्यातले सत्तरेक. एका पेल्याची बरोबरी करायला दीड किलो पालक!
सगळ्या पालेभाज्यांना एकाच माळेत ओवू नका. मेथी, मुळ्याचा पाला, कोबी यांत ऑक्झॅलेट कमी. मेथीत कॅल्शियमही पालकाच्या दुपटीहून जास्त. लाल माठ, तांदुळजा, अळू मात्र पालकाच्याच पंगतीतले. अळवाने घसा खवखवतो तो ऑक्झॅलेटच्या सुयांनीच.

पौड_फाटा
म्हणजे मुतखडा झालेल्या माणसाने पनीर-दूध कमी करायचं ना? खडा कॅल्शियमचाच असतो.

ताकमठ्ठा
नाही, नेमकी हीच चूक सगळीकडे होते. जेवणात कॅल्शियम असलं की ते आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधतं आणि दोन्ही शौचावाटे बाहेर जातात. दूधदुभतं बंद केलं की मोकळं ऑक्झॅलेट रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात. त्यामुळे पालक खायचाच तर दही किंवा पनीरसोबत खाल्लेला बरा. पनीरचं थोडं कॅल्शियम त्यात खर्ची पडतं, पडू दे. आईंसाठी पालक आठवड्यातून एखाद्या वेळी, तोही असा: निवडलेला २५० ग्रॅम पालक दोन लिटर उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता दोन मिनिटं. चाळणीत ओता, गार पाणी घाला, हलक्या हाताने पिळा. विरघळणारं ऑक्झॅलेट बऱ्यापैकी त्या पाण्यात उतरतं. ते पाणी कणकेत घालू नका, नाहीतर काढलेलं सगळं परत आत. पाणी कमी घेतलं तरी उपयोग होत नाही.
सी जीवनसत्त्व आणि फोलेटही या पाण्यात जातं, त्यामुळे मुलीचा पालक असा उकळून ओतू नका. तिचा अंगच्या पाण्यावर शिजवा. आणि रक्त पातळ करायची वॉरफॅरिनसारखी गोळी घरात कुणाला चालू असेल तर पालक एकदम वाढवू किंवा थांबवू नका, के जीवनसत्त्वामुळे डोस बिघडतो.

मोजूनमापून
मुलीबद्दल. पालकात लोह शंभर ग्रॅमला तीनेक मिलिग्रॅम, तिची गरज दिवसाला २९, आणि पालकातलं फार थोडं शोषलं जातं. पनीरमध्ये लोह नगण्य, वर त्यातलं कॅल्शियम त्याच जेवणातलं लोह अडवतं. "एकत्र खाऊ नये" यात तथ्य आहे ते एवढंच. पालक पनीर हौसेने खावं, लोहासाठी नाही. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा (शिजताना नको), जेवणानंतर तासभर चहा नको. हिमोग्लोबिन १० हा मात्र भाजीने भरून यायचा खड्डा नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी १२ तपासून डॉक्टरांकडून गोळ्या घ्या.
बी १२ मुद्दाम म्हणतोय. पालकात ते शून्य, दूध-दही-पनीरमध्ये असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. दोन तृतीयांश जणींचं बी १२ कमी निघालं, फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांचं पुरेसं. पालेभाजी आपलं काम करत होती, बी १२ देणं तिच्या हातात नव्हतंच.

खडूस_पेठकर
घरी पनीर करणार असाल तर: गाईचं दूध एक लिटर, उकळी आणून गॅस बंद, दोन-तीन मिनिटांनी लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा. हिरवट पाणी सुटलं की थांबायचं. लोक अख्खं लिंबू ओततात, मग गोळा रबरासारखा होतो आणि आम्ल जास्त झाल्याने कॅल्शियमही पाण्यात निसटतं. दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम पनीर मिळतं, म्हशीच्या दुधाचं दोनशेच्या वर. हिरवट रंग बी २ चा आहे, ते पाणी आमटीत घाला. नुसतं कॅल्शियम हवं असेल तर पनीरपेक्षा दही सरस, त्यातून काहीच गाळून जात नाही. चक्का केला की गेलं.

ताकमठ्ठा
मला विचाराल तर दोघींनाही ताकातली पातळ भाजी, आईंच्या वाटणीचा पालक वरच्यासारखा उकळून किंवा सरळ मेथी-पालक निम्मे निम्मे. चौघांसाठी पालक २०० ग्रॅम, हरभरा डाळ ३० ग्रॅम, शेंगदाणे २० ग्रॅम (दोन्ही तीन तास भिजवून वेगळे शिजवा), दोन मोठे चमचे बेसन, दोन वाट्या ताक. माणशी ६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. बेसन गार ताकातच कालवायचं, मग मंद आचेवर सतत ढवळत एकच उकळी. ताक फुटतं ते आच मोठी ठेवल्याने किंवा बेसन कमी पडल्याने. मीठ शेवटी.

पौड_फाटा
तक्त्याचा कोपरा मोठा करून बघितला. "प्रति १०० कॅलरी" आहे. मेथी आणतो.