खोडकिडा, खोडकीड आणि 'प्रजाती'

भातावरच्या एका लेखात वाचलं, 'पिवळा खोडकिडा ही पतंगाची एक प्रजाती आहे.' किडा की पतंग? आणि आमच्याकडे तर सगळे 'खोडकीड' म्हणतात. बरोबर काय?

प्रतिसाद : जीव एकच. खोड पोखरते ती त्याची अळी, कोषातून निघतो तो पतंग. शेतकऱ्याची गाठ अळीशी, म्हणून नाव तिच्या कामावरून पडलं. मादी रात्री दिव्यावर येते तेव्हा नीट बघा. पिवळसर पंख, पुढच्या प्रत्येक पंखावर एकच काळा ठिपका. अंडी पानाच्या टोकाकडे घालते आणि स्वतःच्या अंगावरच्या केसांनी झाकून ठेवते.

किडा आणि कीड यांत मात्र फरक करावा. पिकाला 'कीड लागते', 'किडा लागतो' असं कुणी म्हणत नाही. जिवाबद्दल बोलताना खोडकिडा, उपद्रवाबद्दल बोलताना खोडकीड. खोडमाशी त्याहून निराळी. ज्वारीचा पोंगा (मधली कोवळी सुरळी) ज्वारीवरच्या खोडकिड्यामुळेही मरतो आणि खोडमाशीमुळेही, पण खोडमाशी ही खरीच माशी, पतंगांच्या गणातली नव्हे.

'प्रजाती'बद्दल माझा आग्रह आहे. मराठी विश्वकोशात जाती (species) ही वर्गीकरणाची खालची पायरी, प्रजाती (genus) तिच्या वरची. तेव्हा पिवळा खोडकिडा ही जाती, स्किर्पोफागा ही तिची प्रजाती. वर्तमानपत्रांनी दोन्ही पायऱ्या एक करून टाकल्या, त्यामुळे वर्गीकरण समजावताना शब्दच उरत नाही. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ वॉकरने 1863 मध्ये या जातीचं वर्णन केलं ते 'कायलो' प्रजातीत. मधे ती 'ट्रायपोरायझा'त होती, म्हणजे भात पोखरणारा. किती चपखल! आता स्किर्पोफागा, म्हणजे लव्हाळे खाणारा.

प्रश्नकर्ता : मग प्रजातीच्या वरचं कुळ कोणतं?

प्रतिसाद : क्रँबिडी, मराठीत 'गवती पतंगांचं कुळ' म्हणायला हरकत नाही. पूर्वी हे सगळे पायरॅलिडी कुळातच धरत. वेगळं करण्याचं मुख्य कारण कान. या पतंगांचे कान पोटाच्या बुडाशी असतात आणि दोन्ही कुळांत त्यांची घडण वेगळी आहे.

आणखी एक : आमच्या कोकणात 'पळिंज' म्हणतात तो शब्दही नोंदवा. या अळीमुळे भाताच्या लहान रोपाचा गाभा सुकला तर गाभेमर. निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यावर, लोंबी पांढरी, ताठ उभी राहिली, दाणे पोचट निघाले, तर पळिंज. भरलेली लोंबी वाकते, ही वाकत नाही. धरून ओढली की अलगद हातात येते आणि बुडाशी कुरतडल्याची खूण दिसते.