मदत हवी आहे: गाडीला नीट पोचाही नाही, मग वहिनींची मान एवढी का दुखते?

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात बीडहून संभाजीनगरला जाताना गेवराईच्या अलीकडे टोलच्या रांगेत आमची गाडी उभी होती. मागून भरलेला टेम्पो धडकला. बंपर किंचित आत गेलाय, डिक्की अजून नीट लागते. वहिनी पुढच्या सीटवर पट्टा लावून बसल्या होत्या. त्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. भाकरी थापायला खाली बघितलं की खांद्यापर्यंत कळ जाते. एक्स-रे चांगला आला.

घरातली मोठी माणसं म्हणतात, "गाडीला काही झालं नाही, हिलाच काय झालं?" वहिनी ऐकून घेतात, पण मला ते सहन होत नाही. घरच्यांना पटेल असं उत्तर हवंय.

मी हिशेब मांडलाय, तपासून द्या. माणसांसकट गाडी अंदाजे १२०० किलो, टेम्पो ३६०० किलो, वेग ताशी २० किमी. दोन्ही एकत्र पुढे सरकले असं धरलं तर गाडीला एकदम ताशी १५ किमी, म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर वेग मिळाला. हे ०.१ सेकंदात झालं तर त्वरण गुरुत्वाच्या चौपटीहून थोडं जास्त. साडेचार किलोचं डोकं ओढायला सुमारे १९ किलो वजनाएवढा जोर लागतो. तो सगळा मानेवर आला का? आणि पट्टा असून उपयोग का झाला नाही?

प्रतिसाद १
हिशेब बरोबर आहे, उलट कमीच धरलाय. गाडी टेम्पोपासून उसळून सुटली असेल तर वेग १५ च्या वर गेला असणार. शिवाय सीट पाठीला पुढे रेटते तेव्हा डोकं जडत्वामुळे जागीच राहतं. मान 'एस' आकारात वाकते, खालचे मणके मागे आणि वरचे पुढे. स्नायू सावरायच्या आत हे होऊन जातं. उशिरा निघालेलं डोकं मग झटक्यात ओढलं जातं, त्याचं त्वरण गाडीपेक्षाही जास्त होऊ शकतं.

पट्टा समोरच्या धडकेत छाती धरतो. मागून धडक बसली की सांभाळायचं काम हेडरेस्टचं, म्हणजे सीटवर डोक्यामागे असलेल्या आधाराचं. तो कुठं होता?

बंपरचं म्हणाल तर चेपणारा पत्रा ऊर्जा खातो आणि धक्का लांबवतो. तो ताठ राहिला तर धक्का कमी वेळात, जास्त जोरात आत पोचतो. एक्स-रेत हाडं दिसतात, ताणलेले स्नायू आणि अस्थिबंध (हाडांना जोडणारे पट्टे) दिसत नाहीत.

धागाकर्ता
हेडरेस्ट अगदी खाली होता, कंपनीचं प्लास्टिकसुद्धा तसंच आहे.

प्रतिसाद २
मग डोक्याला आधारच मिळाला नाही. वरची कड माथ्याच्या बरोबरीत आणि डोक्याच्या शक्य तितकी जवळ हवी. मान चोळून, मोडून घेऊ नका. हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा पकड ढिली वाटते का, हे आत्ताच विचारा. असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

धागाकर्ता
विचारलं. कालपासून उजव्या अंगठ्याला मुंग्या आहेत, कुणाला बोलल्या नव्हत्या. दादाला हा धागा वाचून दाखवला. आम्ही दोघं त्यांना घेऊन आत्ताच बीडला निघतोय.