बंडूच्या पोटात गाठ आहे, बरं होणं नाही. रोजचं कसं निभवायचं?

खाडीकाठची (ऐरोली)

नमस्कार मंडळी. आमचा बंडू बजी (बजरिगार, छोटा पोपट) आहे. ज्यांना दुकानदार आणि निम्मी सोसायटी ‘लव्हबर्ड’ म्हणते, त्यातला. हिरवा-पिवळा नर. आणला तेव्हा कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत होत्या, म्हणजे पिल्लूच होता. आता साडेआठ वर्षांचा आहे. बजीचं आयुष्य पाच ते दहा वर्षं धरतात, तेव्हा म्हातारा झालाय हे मला कळतं. ‘किती जगेल’ विचारायला आले नाहीये.

झालं असं. चोचीच्या वरची नाकपुड्यांची जागा नरांची निळी असते, ती याची हळूहळू मातकट तपकिरी व्हायला लागली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, याची बाई झाली की काय!” आम्ही हसलो. मग उजव्या पायाने दांडी धरता येईना. जवळच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांनी ‘पक्ष्यांचं आम्ही बघत नाही’ असं सरळ सांगितलं, ते बरंच केलं. पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पोटात गाठ. बहुधा वृषणाची; तिच्यातून मादीचं संप्रेरक तयार होतं म्हणून नाकाचा रंग बदलतो, आणि पायाकडे जाणारी नस दाबली जाते म्हणून लंगडणं. मूत्रपिंडाची गाठ असली तरी पाय असाच जातो म्हणे. एवढ्याशा जिवाला भूल देऊन पोट उघडणं फार धोक्याचं, त्या नको म्हणाल्या. मलाही पटलं. दुखण्यावर मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध दिलंय.

वजन 38 ग्रॅम असायचं, आता 34 वर आहे. खातो, पण बाजरीचा दाणा सोलताना दमतो. पूर्वी आमच्या लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात “कृपया दरवाजा बंद करें” म्हणायचा, पाहुणे दचकायचे. आता दुपारी कधीतरी “कृपया द...” एवढंच, आणि पुढे कुरकुर.

तर मला रोजचं विचारायचंय. पिंजरा उंच आहे, तो बदलू का? औषध देताना तो असा काही ओरडतो की मला वाटतं याच झटापटीत जाईल. चिंगी (मादी, चार वर्षांची, स्वभावाने मुकादम) त्याला वाटीवरून ढकलते, पण तिला दुसऱ्या खोलीत ठेवलं की तो खाणंच सोडतो. सासऱ्यांना दमा आहे, त्यांचंही बघायचंय. शिवाय घरात सल्लागार चिक्कार. एक म्हणतात ब्रँडीचे दोन थेंब पाजा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात गच्चीवर नेऊन सोडून द्या, मुक्ती मिळेल. आमच्या गच्चीवर दिवसभर खाडीकडच्या घारी घिरट्या घालतात. मुक्ती अगदी दोन मिनिटांत मिळेल यात शंका नाही.

आणि शेवटचं, जे घरात कुणी विचारत नाही: थांबायचं कधी, हे कशावरून कळतं?

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण पाचशे रुपयांत जोडी मिळते. एक्स-रेलाच त्याहून जास्त गेले असतील.

कोलशेतचा पिंजरेवाला

वरच्यांना उत्तर देत नाही.

ताई, मी वीसेक वर्षं बजी पाळतोय, घोडबंदर रोडला शेतं होती तेव्हापासून. गाठीचं दुखणं बजींमध्ये फार. माझ्याकडचे म्हातारे नर निम्मे त्यानेच गेले असतील.

पिंजरा आजच बदला. उंच नको, आडवा लांब हवा. दांड्या जमिनीपासून चार बोटांवर, त्याही दुकानातल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या नाही. पेरूची फांदी आणा, बोटाएवढी जाड, साल तशीच ठेवा, फक्त फवारणी नसलेल्या झाडाची. एक पाय निकामी म्हणजे सगळा भार दुसऱ्यावर, आणि मग त्या तळव्याला फोड येतात. म्हणून फांदीवर सुती कापडाची पट्टी गुंडाळा, एक सपाट फळीही द्या, त्यावर तो पोट टेकून बसेल. तळाला वर्तमानपत्राऐवजी जुना सुती पंचा घाला, कागदावर पाय घसरतो. टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नख अडकतं. पंचा रोज बदलायचा.

वाटीची ढकलाढकली मिटवायला वाटीच काढून टाका. बरणीची पसरट झाकणं घ्या, तीन-चार ठिकाणी ठेवा. चिंगी एका वेळी एकाच झाकणावर दादागिरी करू शकते. तरी ऐकत नसेल तर मधे जाळी घाला, पण एकाच पिंजऱ्यात किंवा शेजारी-शेजारी. बजी थव्यातला पक्षी, दुसरा खाताना दिसला की हाही खातो. वेगळ्या खोलीत अजिबात नको.

झाकण भरलेलं दिसतं म्हणून फसू नका. वर नुसती टरफलं असतात. दिवसातून दोनदा फुंकर मारून बघा.

खाण्यात बाजरी कमी करा, राळा वाढवा. राळ्याचा दाणा बारीक, चोचीत धरायला सोपा. कणसासकट मिळाला तर उत्तम, आडवं पडून कुरतडेल. भिजवून नुकते मोड आलेले दाणे द्या, उकडलेल्या अंड्याचा किस द्या, कोथिंबिरीची ओली काडी लावा. फक्त पावसाळा आहे, मोड आलेलं दोन तासांवर पिंजऱ्यात ठेवू नका, बुरशी धरते. ॲव्होकॅडो, चॉकलेट, खारे शेंगदाणे घरात कुणी लाडाने दिले तर त्याचा हात धरा.

ब्रँडीबद्दल: माझ्या वडिलांच्या पिढीत सगळे पाजायचे. पक्षी झिंगायचा, लोकांना वाटायचं आराम पडला. नको.

गच्चीबद्दल तुम्हीच लिहिलंत. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा पक्षी, त्यात पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला. धडधाकट असता तरी कावळ्यांनी सोडला नसता.

डॉक्टर नाही

नावाप्रमाणे मी डॉक्टर नाही. नवी मुंबईत एका दवाखान्यात बरीच वर्षं मदतनीस होते, पक्षी धरणं हेच माझं काम. म्हणून फक्त औषधाचं सांगते.

पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती-पोटामधला पडदा) नसतं, छातीचं हाड पुढे-मागे होतं तेव्हाच श्वास घेता येतो. माणसं घाबरून छातीभोवती मूठ आवळतात आणि पक्षी खरोखर गुदमरतो. पातळ हातरुमाल घ्या, पाठीवरून पांघरल्यासारखा टाका, मान अंगठा आणि मधल्या बोटाच्या मधे, छाती मोकळी. डोकं वर, आडवा झोपवू नका. 1 मिलीची सुई नसलेली सिरिंज चोचीच्या कडेला टेकवून थेंब सोडा, त्याला जीभ हलवू दे, मग पुढचा थेंब. चोच उघडून घशात ओतायचं नाही, श्वासनळीत जातं. आधी सिरिंज कोमट पाण्यात धरून औषध गरम करायची सवय काही जणांना असते, मेलॉक्सिकॅमला त्याची गरज नाही. नुसती हाताच्या उबेत धरली तरी पुरते.

एक चालतं, करून बघा. औषध नसताना त्याच सिरिंजच्या टोकाला अंड्याच्या बलकाचा ठिपका लावून जाळीतून पुढे करा. काही पक्षी नंतर स्वतःहून चोच लावतात. सगळे नाही.

घरातली क्रोसिन-कॉम्बिफ्लाम कधीही नाही. दुखण्यावरचं औषध पक्ष्यांत किती जपून द्यावं लागतं ते गिधाडांवरून बघा. डायक्लोफिनॅक दिलेली गुरं खाऊन ती लाखांनी मेली, 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि पर्याय म्हणून पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम. म्हणजे डॉक्टरांनी बरोबर दिलंय. फक्त मात्रा वजनावर असते, वजन उतरलं की त्यांना कळवा.

वजन रोज एकाच वेळी घ्या: सकाळी, पहिली मोठी शी झाल्यावर, खाण्याआधी. स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर छोटा डबा ठेवून शून्य करा. 38 वरून 34 म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त उतरलंय, हे डॉक्टरांना माहीत आहे ना? खाऊनही उतरत असेल आणि शीमध्ये अख्खे दाणे दिसत असतील तर तेही सांगा. जठरातल्या यीस्टने असं होतं, त्याला वेगळं औषध आहे. गाठ आहे म्हणून दुसरं काही असूच शकत नाही असं नाही. वृषणाची गाठ असेल तर संप्रेरक दाबणारं इम्प्लांट (कातडीखाली बसवायची बारीक कांडी) काही पक्ष्यांत कामी येतं, तेही एकदा विचारून घ्या.

सासऱ्यांसाठी: पिंजरा त्यांच्या खोलीत नको, तळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. पिसांची आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ दम्याला वाईट. ताप-खोकला झाला तर त्यांच्या डॉक्टरांना ‘घरी पोपटवर्गातले पक्षी आहेत’ हे आवर्जून सांगा.

खाडीकाठची

स्पष्टवक्ता, एक्स-रेला जोडीच्या कितीतरी पट गेले. आणखी काही हिशोब हवा असल्यास कळवा, वही आहे.

पिंजरेवाले दादा, पेरूच्या फांदीसाठी नवऱ्याला माहेरी कळव्याला पाठवलंय. ताई, वजन त्यांना सांगितलंय, पण अख्ख्या दाण्यांचं बघितलंच नव्हतं, उद्यापासून बघते. अंड्याच्या बलकाची युक्ती आज केली. बंडूने सिरिंजकडे पाठ फिरवली आणि चिंगीने पलीकडून येऊन ठिपका खाल्ला.

उबेचं विचारायचं राहिलं. अंग फुलवून बसतो. पिवळा बल्ब लावायचा म्हणतात, तो आता मिळतो कुठे? आणि देवघर हॉलमध्येच आहे, पिंजऱ्यापासून सहा फुटांवर. सासूबाईंची उदबत्ती सकाळ-संध्याकाळ. हा विषय काढायचा म्हणजे गृहयुद्ध.

नौपाड्याची आजी

अगं, तुझ्या सासूबाईंच्या वयाचीच असेन, त्यांना माझं नाव सांग. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सगळं बंद. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त शोषली जाते, म्हणून विषही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या धुराने धट्टाकट्टा पक्षी काही मिनिटांत मरतो. देवाला फूल वाहिलं, निरांजन लावलं, पुरे. मी स्वतः दोन वर्षं उदबत्तीशिवाय पूजा केली, देव काही बोलला नाही.

उबेला बल्ब नकोच. एलईडी तापत नाही, आणि तापणारा मिळाला तरी रात्रभर उजेडात तो झोपणार कसा? त्याला दहा-बारा तास अंधार हवा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला बाहेरून टेकव, त्या बाजूवर चादर टाक. दुसरी बाजू गार राहू दे, त्याला हवं तिकडे सरकेल. अठ्ठावीस-तीस अंश पुरे. पंख अंगापासून लांब धरून चोच उघडून धापा टाकायला लागला तर जास्त झालं. पाऊस नसेल तेव्हा आपल्याकडच्या हवेत याची गरजही नाही, फक्त एसी आणि पंख्याचा झोत चुकव.

आता तुझा शेवटचा प्रश्न. बाकीच्यांनी तो टाळला, मी टाळत नाही.

माझ्या निळीलाही गाठच होती. मी कॅलेंडरवर रोज लिहायचे: स्वतः खाल्लं का, पिसं साफ केली का, दांडीवर बसली का, आवाज केला का. चारातलं एक नाही, तर चालतं. म्हातारपण आहे. दोन नाही, तर डॉक्टरांना फोन. जेव्हा पिसं साफ करणं पूर्ण थांबलं आणि नुसतं बसलेली असतानाही श्वासागणिक शेपटी वर-खाली व्हायला लागली, तेव्हा मी नेलं. पक्ष्यांना आधी भुलीचा वायू देऊन झोपवतात, मग इंजेक्शन. नुसतंच इंजेक्शन देतो म्हणाले तर वायूचं विचार. आणि हे आत्ताच, धडधाकट डोक्याने विचारून ठेव. कुठे, किती वाजेपर्यंत, रविवारी कोण असतं. रात्री अकराला दारं ठोठावण्याची वेळ येऊ नये. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात मांज्याने कापलेले पक्षी लोक नेतात, तिथलाही फोन लिहून ठेव, पण आजारी जिवाला तुमच्याकडून तेवढं लांब नेणं हा शेवटचा पर्याय.

घरच्यांना कॅलेंडर दाखव. मग ‘तू घाई केलीस’ किंवा ‘उशीर केलास’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे म्हणतात, पण हळू आवाजात.

स्पष्टवक्ता

पाचशेचं बोललो ते मागे घेत नाही, पण कॅलेंडरची कल्पना चांगली आहे. आमच्या कुत्र्याला लागू पडेल. तेरा वर्षांचा आहे.

खाडीकाठची

मग तुम्ही त्याच्या एक्स-रेचा हिशोब ठेवलाय का हो?

आजी, कॅलेंडर लावलंय. आज चारपैकी तीन. दांडीवर बसत नाही, फळीवर बसतो, तरी पिंजरेवाल्या दादांच्या फळीला दांडी मानून मी बरोबरची खूण केली; नवऱ्याचा आक्षेप आहे. सासूबाईंना तुमचा निरोप वाचून दाखवला. “नौपाड्यात कुठे राहतात?” एवढंच विचारलं, आणि संध्याकाळी उदबत्ती आतल्या खोलीच्या खिडकीत लागली. दार लावून.

पोटाखालची पिसं विष्ठेने चिकटतात, कोमट पाण्यात कापूस बुडवून भिजवून काढते, ओढत नाही. बरोबर आहे ना? आणि चिंगी आता बंडूच्या फळीचं लाकूड कुरतडायला लागलीय. तिला कुरतडायला समुद्रफेस (माकुळाच्या अंगातलं पांढरं हाड) द्यावा म्हणते. ऐरोलीत दुकानात पांढरी प्लास्टिकसारखी वडी देतात, ती नको वाटते.

कोलशेतचा पिंजरेवाला

कापसाचं बरोबर. नंतर लगेच कोरडं करा, ओला ठेवू नका.

समुद्रफेस काष्ठौषधीच्या दुकानात मागा, ठाण्याला बाजारपेठेत मिळायला हवा. अख्खा घ्या, पूड नको. धुवून दोन उन्हं दाखवा, आणि तारेने बांधताना मऊ बाजू पिंजऱ्याच्या आत.