पीएचपी : डिस्ट्रक्टर चालेपर्यंत डेटाबेसचे कनेक्शन बंद झालेले असते, मदत हवी आहे

नमस्कार,

पीएचपी ८.१ वरील एका प्रणालीत वापरकर्त्यांच्या कृतींची नोंद ठेवणारा क्लास मी लिहिला आहे. प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र क्वेरी चालू नये, म्हणून नोंदी आधी अ‍ॅरेत जमा होतात आणि डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट नष्ट होताना आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये) एकदम टेबलात जातात. बहुतेक पानांवर हे सुरळीत चालते. काही पानांवर मात्र स्क्रिप्ट संपताना मायएसक्यूएलआय ऑब्जेक्ट (म्हणजे डेटाबेसचे कनेक्शन) आधीच बंद झाल्याची एरर येते आणि त्या रिक्वेस्टमधल्या सगळ्या नोंदी हरवतात. पान तोवर ब्राउझरकडे पोहोचलेले असल्याने वापरकर्त्याला काहीच जाणवत नाही, आणि त्यामुळेच मला या दोषाची अधिक काळजी वाटते.

सर्व्हर, पासवर्ड किंवा टाइमआउटचा हा प्रश्न नाही, कारण त्याच रिक्वेस्टमधल्या आधीच्या क्वेरी व्यवस्थित चालतात. नोंदींचा क्लास आणि कनेक्शन सांभाळणारा डेटाबेस क्लास, या दोन्हींच्या डिस्ट्रक्टरमधून एरर लॉगमध्ये एकेक ओळ लिहून पाहिली, तेव्हा असे दिसले की नोंदींचे ऑब्जेक्ट साध्या व्हेरिएबलमध्ये असेल तर ते आधी नष्ट होते. पण ते स्टॅटिक प्रॉपर्टीत (ऑब्जेक्टऐवजी थेट क्लासशी जोडलेल्या व्हेरिएबलमध्ये) ठेवलेले असेल, तर त्याच्याआधी तयार झालेल्या डेटाबेस क्लासचा डिस्ट्रक्टर प्रथम चालतो, आणि त्यातच मी कनेक्शन बंद करणारी क्लोज मेथड बोलावली आहे. नोंदींच्या ऑब्जेक्टकडे डेटाबेस ऑब्जेक्टचा रेफरन्स असेपर्यंत डेटाबेस ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालणार नाही, अशी माझी समजूत होती. ती स्क्रिप्ट चालू असतानाच खरी ठरते. शटडाउनच्या वेळी, म्हणजे स्क्रिप्ट संपताना, डिस्ट्रक्टर कोणत्याही क्रमाने चालू शकतात, असे पीएचपीच्या मॅन्युअलमध्येच म्हटले आहे.

डेटाबेस क्लासमधली क्लोजची ओळ काढली की एरर थांबते. स्क्रिप्ट संपल्यावर कनेक्शन आपोआप सुटतेच, त्यामुळे ती ओळ अनावश्यक होती असे आता वाटते. तरीही, एवढ्या बदलावर विसंबून डिस्ट्रक्टरमध्ये क्वेरी चालवणे योग्य आहे का? तिथे क्वेरी फसली आणि एक्सेप्शन आले, तर स्क्रिप्टच्या अखेरीस ते पकडणारा बाहेरचा कोणताही कोड उरलेला नसतो.

स्क्रिप्ट संपताना चालवायचे फंक्शन आधीच नोंदवून ठेवणाऱ्या रजिस्टर शटडाउन फंक्शनचा पर्यायही पाहिला. असे नोंदवलेले फंक्शन डिस्ट्रक्टरच्या आधी चालते, ही त्याची मोठी सोय. पण त्याला ऑब्जेक्टची मेथड दिली की ऑब्जेक्टचा एक रेफरन्स तिथे अडकून राहतो, आणि तासन्‌तास चालणाऱ्या कमांड लाइन स्क्रिप्टमध्ये अनसेट करूनही ऑब्जेक्ट नष्ट होत नाही. तिथे पीएचपी ७.४ पासून उपलब्ध असलेला वीक रेफरन्स (ऑब्जेक्ट नष्ट होण्यापासून न अडवणारा रेफरन्स) कोणी वापरला आहे का? की नोंदी लिहिणारी मेथड प्रत्येक ठिकाणी स्वतःहून बोलावणेच अधिक भरवशाचे आहे?