झिजणे, पातळ होणे की विरणे? (केराटोकोनसला मराठीत काय म्हणायचं)

चष्मिष: भाच्याला केराटोकोनस निघालाय, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो तो आजार. आईला 'डोळ्याचा पडदा पातळ झालाय' म्हटलं तर तिच्या डोक्यात लगेच शुगरवाल्यांचं पडद्याचं ऑपरेशन, 'बुबुळ झिजलंय' म्हटलं तर विचारते कशाने, मोबाईलने? कॉर्नियाला कोशात पारपटल सापडलं पण असं बोलतं कोण.

जुनापाना: पडदा नको, तो रेटिना. बुबुळ चालेल, बुबुळरोपणात बदलतात तो कॉर्नियाच की. बाकी नाव सरळ आहे, ग्रीक केरास म्हणजे शिंग अन् कोनस म्हणजे शंकू.

बायोवाली: शंकू हा नुसता आकार झाला हो, कारण कुठे आलं त्यात? 'झिजणे' पण पटत नाही, पायरी झिजते ती वरून घासून. इथे मुख्य बिघाड स्ट्रोमा नावाच्या मधल्या थरात, कॉर्नियाची जाडी मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि त्यातला ९०% भाग तोच. त्यात कोलॅजेन या प्रथिनाचे धागे थरावर थर असतात, ते एकमेकांना बांधून ठेवणारं लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, ते या आजारात कमी दिसतं आणि उलट कोलॅजेन कापणारी एमएमपी एन्झाइम वाढलेली, अश्रूंतसुद्धा सापडतात. म्हणजे टाके कमी, कात्री जास्त. मग डोळ्यातल्या नेहमीच्या दाबानेही बुबुळ पुढे येतं. याला आपल्याकडे शब्द आहे ना, विरणे! आजीचं लुगडं बसायच्या जागी विरायचं, भोक नाही पण उजेडाला धरलं की पलीकडचं दिसायचं आणि ओढलं की तिथेच झोळ.

चष्मिष: विरणे भारी. तो अ‍ॅलर्जीमुळे सारखा डोळे चोळतो, त्याने होतं का?

बायोवाली: भर पडते. चोळल्यावर अश्रूंत दाहाची रसायनं आणि एमएमपी वाढतात. जीन्सचाही वाटा असतो, पण सगळ्यांना लागू पडेल असा एकच जीन नाही.

जुनापाना: गंमत म्हणजे कोलॅजेनमधला ग्रीक कोला म्हणजे सरस, हाडं-कातडी उकळून सुतार करायचे तोच.

चष्मिष: आणि क्रॉस-लिंकिंग या उपचाराला काय म्हणू? व्हिटॅमिन बी२चे थेंब घालून वर अल्ट्राव्हायोलेट देणार आहेत. रफू?

बायोवाली: रफूत नवा धागा येतो, इथे तसं नाही. सैल बाजेची दोरी आवळतो तसं म्हणा, आहेत तेच धागे घट्ट होतात, गेलेली जाडी काही परत येत नाही. फक्त 'टाके' म्हणू नका, आई घाबरेल.

चष्मिष: सांगितलं. म्हणाली, विरलेलं माहितीय तर त्याला चोळू कशाला देता.