'रक्तचरित्र' : रक्त भरपूर, राजकारण कुठाय?

गंगापूर_नाका

आमच्या सिनेमावेड्यांच्या गटाने पुढच्या महिन्यासाठी 'राजकारण आणि पडदा' हा विषय घेतलाय. यादीत कुणीतरी राम गोपाल वर्मांचा 'रक्तचरित्र' घातला, तोही दोन्ही भाग एकाच रविवारी. मी नको म्हटलं. त्यावरून कॉलेज रोडच्या टपरीवर चांगलीच जुंपली. तिथे कुणी कुणाचं पूर्ण ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितोय.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातले परिताला रवी आणि मद्देलचेरुवु सूरी यांच्या वैरावर हा सिनेमा आहे. पहिला भाग २२ ऑक्टोबर २०१० ला आला, दुसरा ३ डिसेंबरला. रवीच्या भूमिकेत विवेक ओबेरॉय, सूरीच्या भूमिकेत सूर्या. नावं इकडची तिकडे केलीत, पण कोण कोण आहे ते शेंबडं पोरही सांगेल.

रक्ताची मला शिसारी नाही. आक्षेप वेगळा आहे. सिनेमाचं गणित असं: याचा बाप मारला, म्हणून याने त्याचा मारला, म्हणून त्याने याचं घर उडवलं. सगळं सुडावर ढकलून मोकळं. पण रवीचे वडील श्रीरामुलू १९७५ साली का मारले गेले? ते डाव्या विचाराचे होते, जमीनदारांच्या जमिनी गरिबांना मिळाव्यात म्हणून उभे राहिलेले. अनंतपूर म्हणजे देशातल्या सगळ्यात कोरड्या जिल्ह्यांपैकी एक. अशा मुलखात जमीन आणि विहीर कुणाच्या ताब्यात, रस्त्याचं कंत्राट कुणाला, दारूचा लिलाव कोण घेणार, गावाची एकगठ्ठा मतं कुणाच्या खिशात, यावर माणसं मरत होती. हे सगळं पडद्यावर तोंडी लावण्यापुरतं येतं.

पुढचं बघा. रवी १९९३ मध्ये तेलुगू देसममध्ये गेला, १९९४ ला पेनुकोंड्यातून आमदार झाला आणि एन. टी. रामारावांच्या मंत्रिमंडळात मंत्रीही. पोलिसांना चुकवणारा माणूस वर्ष-दोन वर्षांत लाल दिव्याच्या गाडीत! कुणी बोलावलं, कशाच्या बदल्यात, जिल्ह्यातले जुने कार्यकर्ते गप्प का बसले? खरा राजकीय थरार तोच होता. वर्मांनी तो रामारावांच्या वळणाच्या नेत्याच्या भूमिकेतल्या शत्रुघ्न सिन्हांच्या भारदस्त आवाजावर भागवला आणि कॅमेरा परत कोयत्याकडे नेला.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो १९ नोव्हेंबर १९९७. हैदराबादच्या ज्युबिली हिल्समध्ये रामानायडू स्टुडिओबाहेर गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. नेम रवीवर होता, तो वाचला; २६ माणसं गेली. त्यात चित्रीकरणाला आलेले टीव्हीवाले होते. आणि स्टुडिओत चाललं काय होतं? रवीच्याच वडिलांवरच्या सिनेमाचा मुहूर्त! म्हणजे वर्मा यायच्या तेरा वर्षं आधीच या वैरात सिनेमा शिरलेला होता. आपल्या बापाची गोष्ट पडद्यावर आणणं हाही त्या राजकारणाचाच डाव होता. दिग्दर्शकाला याहून चांगली जागा कुठे मिळणार? पण सिनेमात तो स्फोट म्हणजे सूरीने रवीला मारायचा केलेला एक प्रयत्न, एवढंच. मेलेल्यांतलं एक नाव, एक चेहरा कुणाला आठवत असेल तर सांगा.

सातपूर_शिफ्ट

साफ असहमत. तुम्हाला सिनेमा नको, प्रबंध हवाय. विहिरी आणि टेंडर दाखवत बसले असते तर तुम्हीच मध्यंतरात बाहेर पडून वडापाव खाल्ला असतात.

त्याआधी तेलुगूत या विषयावर काय चाललं होतं ते बघा. १९९९ च्या 'समरसिंहा रेड्डी'पासून फॅक्शन सिनेमांची, म्हणजे गावागावांतल्या टोळ्यांच्या खुनी वैरावरच्या सिनेमांची, रांग लागली होती. पांढरेशुभ्र कपडे, मांडीवर थाप, उडणाऱ्या सुमो, आणि हिरो म्हणजे गावाचा देव. वर्मांनी त्या देवाला चिखलात आणलं. अभिमन्यू सिंगने केलेला 'रक्तचरित्र'मधला खलनायक बुक्का रेड्डी पाहून कुणाला बुक्का रेड्डी व्हावंसं वाटेल? मी २०१० ला थेटरात पाहिला. पहिल्या अर्ध्या तासात शिट्ट्या होत्या, नंतर नाही.

आणि राजकारण नाही कसं? नेत्याला माणसं सांभाळणारा माणूस हवा असतो आणि त्या माणसाला खुर्ची. एवढा एक सौदा दाखवला की राजकारण दाखवून झालं. बाकी तपशील पेपरात वाचा.

येवलेकर_काका

मी त्या भागात बऱ्याचदा गेलोय. धर्मावरमला रेशमाच्या कामासाठी, आणि घरचे सत्यसाईबाबांचे भक्त, म्हणून पुट्टपर्तीला. २४ जानेवारी २००५ ला अनंतपुरात पक्षाच्या कार्यालयापाशी रवीचा खून झाला तेव्हा मी धर्मावरममध्ये होतो. संध्याकाळपर्यंत बस जाळल्याच्या बातम्या सुरू झाल्या. लॉजच्या मालकाने शटर अर्धं ओढलं, भिंतीवरचं नव्या वर्षाचं पक्षाचं कॅलेंडर उतरवलं, गुंडाळलं आणि गल्ल्याखाली सारलं. मी विचारलं, कोण गेलं? नाव घेतलं नाही त्याने. दाराकडे बघून "पेद्दायन" म्हणाला. म्हणजे थोरले, मालक. एवढंच. रात्री जेवायला वरण-भात आणि लोणचं, कारण भाजी आणायला पोऱ्या पाठवायची त्याची हिंमत नव्हती.

सिनेमात मारणारे आहेत, मरणारे आहेत. कॅलेंडर उतरवणारे नाहीत. अख्खा जिल्हा तर त्यांचाच होता. तेव्हा या बाबतीत मी गंगापूर नाक्यांच्या बाजूने. पण सिनेमा दाखवूच नका, हे काही पटलं नाही बुवा.

वकीलबाई_नाशिकरोड

कायद्याच्या अंगाने थोडं. 'ब्लॅक फ्रायडे' आठवा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा, खऱ्या नावांसकट. २००५ मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर आरोपी कोर्टात गेले, खटल्याचा निकाल लागायचाय म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने तो थांबवला. अखेर ९ फेब्रुवारी २००७ ला लागला. उशीर झाला, पण त्या सिनेमाचं काही बिघडलं नाही. उलट पोलीस चौकशीतली मारहाण त्यात जशी आहे तशी अंगावर येते, मागून कुणी मंत्रोच्चार लावून तिला भव्य करत नाही.

'रक्तचरित्र'च्या वेळी सूरी जिवंत होता, तुरुंगाबाहेर होता. दुसरा भाग लागला ३ डिसेंबरला आणि बरोबर महिन्याने, ३ जानेवारी २०११ ला, हैदराबादेत चालत्या गाडीत त्याला गोळ्या घातल्या. त्याच्याच विश्वासातल्या भानु किरणने. २०१८ मध्ये जन्मठेप झाली त्याला. म्हणजे आयुष्य चालू असतानाच त्या माणसाचं 'चरित्र' पडद्यावर पूर्ण झालं होतं. हे मला अस्वस्थ करतं.

सातपूर_शिफ्ट

वकीलबाई, सिनेमामुळे सूरी मेला असं सुचवताय का? भानु किरणचं प्रकरण पैशाचं आणि जमिनीच्या व्यवहारांचं होतं.

वकीलबाई_नाशिकरोड

अजिबात नाही. तसं सुचवायचं असतं तर तसंच लिहिलं असतं. आणि "पैशाचं आणि जमिनीच्या व्यवहारांचं" हे तुम्हीच म्हणालात, धन्यवाद. मूळ धाग्याचा मुद्दा तोच आहे!

रविवार_कारंजा

आपण नाशिककरांनी तरी राजकीय खुनाला नाक मुरडू नये. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, 'संगीत शारदा'चा प्रयोग, प्रेक्षकांत कलेक्टर जॅक्सन, आणि अनंत कान्हेरे. थेटरात घडलेला थरार आपल्या गावचाच आहे. त्यावर कुणी आज सिनेमा काढला तर गोळ्या दाखवायच्या नाहीत का?

पंचवटी_जुना

अहो, कुठे कान्हेरे आणि कुठे हे! अठरा वर्षांचा पोरगा देशासाठी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला, आणि तुम्ही त्याला टेंडरवाल्यांच्या रांगेत बसवता? कमाल आहे. शब्द मागे घ्या.

रविवार_कारंजा

रांगेत नाही बसवलं, काका. दाखवायचं कसं एवढंच विचारलं. जॅक्सनला 'पंडित' म्हणायचे, संस्कृत जाणणारा माणूस, बढतीवर मुंबईला निघाला होता म्हणून निरोपाचा प्रयोग होता. हे दाखवलं की कान्हेऱ्यांचं मोल कमी होत नाही, गोष्ट मोठी होते. वर्मा असते तर जॅक्सनला पहिल्याच रिळात राक्षस करून टाकला असता. म्हणजे बघा, मी खरं तर गंगापूर नाक्यांच्याच बाजूने बोलतोय, फक्त वेगळ्या दारातून आलो.

सिडको_आई

तुमचं सगळं उंची चाललंय. माझा मुलगा अकरावीत आहे. 'अ' प्रमाणपत्र वगैरे थेटरच्या दारापुरतं. मोबाइलवर सगळं कापून तीस-तीस सेकंदांत येतं. त्यात बुक्का रेड्डी घाण वाटत नाही, 'भाई' वाटतो. मागे गाणं लावलं की झालं. आमच्या चौकात वाढदिवसाचा केक कोयत्याने कापतात आणि रील टाकतात. हे पोरगे अख्खा सिनेमा बघतच नाहीत, त्यामुळे शेवटी त्या माणसाचं काय झालं ते त्यांना माहीतच नसतं.

सातपूर_शिफ्ट

ताई, काळजी समजते. पण कोयत्याने केक कापणाऱ्याला वर्मांनी शिकवलं नाही. त्याला चौकातल्या फ्लेक्सने शिकवलं, ज्यावर त्याचा फोटो आणि वर नगरसेवकाचा फोटो असतो. आणि पोलिसांनी तरी काय केलं? पकडलेल्यांना कॅमेऱ्यासमोर उभं करून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणायला लावलं. त्याच्याही रील झाल्या. मला आवडल्या, खोटं कशाला बोलू. पण तोही सिनेमाच होता ना?

सिडको_आई

फ्लेक्सवरचा तो वरचा फोटोच तर सिनेमात नाही, असं मूळ लेखक म्हणतायत. मला आत्ता कळलं.

उंटवाडी_वाचक

एक बाजू कुणीच घेतली नाही. बायका. रवीच्या विरोधात २००४ ला निवडणुकीला उभी होती सूरीची बायको. रवीच्या खुनानंतर त्याची बायको सुनीता आमदार झाली, आणि २०१४ ला चंद्राबाबूंच्या मंत्रिमंडळात मंत्री. दोन घरं, दोन बायका, एक मतदारसंघ. बंदुका ठेवून मतपत्रिका हातात घ्यायची वेळ आली तेव्हा पुढे कोण झालं बघा. राधिका आपटे आणि प्रियमणीसारख्या दोन तगड्या नट्या हाताशी असताना त्यांना काळजी करण्याचं आणि रडण्याचं काम! या दोघींवरचा सिनेमा मी पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहीन.

गंगापूर_नाका

उंटवाडी, हे मी लिहायला हवं होतं, छान.

सातपूर, तुमचा फॅक्शन सिनेमांचा मुद्दा मान्य. त्या रांगेत 'रक्तचरित्र' नक्कीच वेगळा आहे. पण घाण दाखवली म्हणजे कारण दाखवलं असं होत नाही. 'सिंहासन' घ्या, १९७९ चा. अरुण साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. रक्ताचे पाट नाहीत, पण मुख्यमंत्र्याचा एकेक फोन ऐकताना घाम फुटतो, कारण प्रत्येक फोनमागे कुणाला काय मिळणार ते कळत असतं. रवीला पहिल्यांदा पक्षाकडून निरोप आला तो क्षण तसा कुणी दाखवला असता तर मी दोन्ही भागांचं तिकीट स्वतः काढलं असतं.

गटाला माझी सुधारित सूचना: सकाळी 'सिंहासन', दुपारी 'रक्तचरित्र'चा फक्त दुसरा भाग, आणि मध्ये येवलेकर काकांनी दहा मिनिटं बोलावं.

येवलेकर_काका

बोलेन. माइक नको.

सातपूर_शिफ्ट

फक्त दुसरा का? पहिल्यात रवी कसा घडला ते आहे. ते कापलंत तर सूरी आपोआप हिरो होणार, म्हणजे तुम्ही वर्मांवर जो आरोप करताय तोच स्वतः करणार. दोन्ही भाग लावा, 'सिंहासन' शनिवारी ठेवा. शनिवारी माझी दुसरी पाळी आहे, मला तो चुकला तरी चालेल, पाठ आहे.

गंगापूर_नाका

शनिवारी हॉल मिळत नाही. मतदान घेऊ.